पुस्तकांच्या आधी मलिद्याचं ताट

ताई, सिनेगॉगमध्ये रविवारी बेने इस्राएली, म्हणजे आपल्या मराठी ज्यू मुलांचा धर्मवर्ग घेताय, परदेशातून आलेली पुस्तकं वापरताय आणि मुलं कंटाळतात, असं तुम्ही लिहिलंय. वाचून जुनं दुखणं वर आलं. आलेफ-बेत (हिब्रू मुळाक्षरं), शेमा (रोजची मुख्य प्रार्थना), शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस) हे तुम्ही घेतच असाल, म्हणून ते सोडते.

आमचा वर्ग अडला तो एका कार्यालयापायी. पुस्तकांचा खर्च ते देणार होते, म्हणून अभ्यासक्रम त्यांच्याकडे मंजुरीला पाठवायचा. आम्ही त्यात मलिदा (गोड पोह्यांचं ताट मांडून करायचा आपला विधी), मराठी कीर्तन आणि आपले पूर्वज ज्यातून आले त्या, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाची कथा घातली होती. उत्तर आलं, या स्थानिक चालीरीती आहेत, धर्मशिक्षणात नकोत. खुलासा पाठवला. मग तिथले साहेब बदलले आणि फाइल पुन्हा पहिल्या पानावर. तोवर मोठी मुलं दहावीच्या क्लासला लागली, ती परत वर्गाकडे फिरकलीच नाहीत. १९६४ साली इस्राएल सरकारने बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. त्याआधी आपल्या माणसांकडे लग्नासाठी पूर्वजांचे पुरावे मागत होते. त्यांच्या नातवंडांना पुन्हा आपलं ज्यूपण अस्सल नाही हेच ऐकवायचं? मला आजही संताप येतो. पुस्तकं मिळाली तर जरूर घ्या, पण मंजुरीसाठी वर्ग एक रविवारही थांबवू नका.

मी रब्बी (ज्यू धर्मगुरू) नाही, हलाखाचा, म्हणजे धर्मनियमांचा प्रश्न आला तर जाणत्यांना विचारा. पण माझं ठाम मत आहे की सुरुवात मलिद्यापासून करावी. गोड पोहे, खोबरं, वेलची मुलांनाच कालवू द्या. ताटात खजूर, सफरचंद, केळं ठेवा आणि विचारा, कशावर कुठली बेराखा, म्हणजे खाण्याआधीची आशीर्वादाची प्रार्थना? खजूर आणि सफरचंदाला झाडाच्या फळाची. केळ्याला मात्र जमिनीच्या फळाची. इथे वर्गात हमखास भांडण जुंपतं. आमच्याकडे एका मुलाने सांगितलं, "आजोबांच्या वाडीत घड उतरवला की केळ कापूनच टाकतात." झालं, जे एकदा फळून संपतं ते झाड धरत नाहीत, हे कारण त्यानेच दिलं, बाकीच्यांना मला समजवावं लागलं नाही. मग एलियाहू हनाबीचं (प्रेषित एलियाहूचं) गाणं म्हणायचं आणि खाण्याआधी आजारी शेजाऱ्यासाठी एक वाटी काढून ठेवायची, ती मुलांनीच नेऊन द्यायची. बिकुर होलीम, म्हणजे आजाऱ्याची विचारपूस, शिकवायला वेगळा तास लागत नाही.

सणांची आजीच्या तोंडची नावंही घ्या. तिशा बेआवला, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या उपासाला, बिरड्याचा रोजा म्हणतात हे कळलं की मुलं घरी वाल भिजवायला सांगतात आणि मंदिर का पडलं हे आपणहून विचारतात. पेसाहच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) आधी १८७४च्या पुण्याच्या हगादामधली, म्हणजे त्या सणाला वाचायच्या पोथीतली चित्रं दाखवा. साडी नेसलेल्या बायका मात्झा (सणाची बिनखमिराची भाकरी) करताना पाहून आमच्या मुली चित्राला चिकटूनच बसल्या होत्या.

कीर्तनाचं थोडं वेगळं आहे. १८८०च्या सुमारास आपल्या लोकांनी योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी-दिंडी या छंदांत रचली, पण इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ते मराठी जड जातं. सबंध आख्यान नको, ध्रुवपद तेवढं पाठ करून घ्या. आणि म्हणणाऱ्या आजी-आजोबांचं रेकॉर्डिंग याच महिन्यात करा, पुढच्या सणापर्यंत थांबू नका.

अलिबागची सहल काढणार असाल तर एलियाहू हनाबीचा टापा (त्यांच्या रथाच्या खुणा मानतात तो खडक) पावसाळ्यानंतरच दाखवा, आणि परतताना मागेन आबोथ सिनेगॉग उघडं मिळेल का ते आधी विचारून ठेवा.