बोट टोचून घरच्या घरी थायरॉईड तपासता येतं का? आईला सतत थकवा आहे, वजनही वाढतंय. (कोल्हापूर)

येतं, पण अर्धवट. आईंना सरळ लॅबमध्ये नेऊन शिरेतलं रक्त द्यायला लावा. मी राजारामपुरीत लॅब टेक्निशियन आहे. घरच्या पट्टीवर टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन, थायरॉईड मंद झालं की ते वाढतं) साधारण ५ च्या वर आहे की नाही, एवढंच रेघेवरून कळतं. ५.२ असो नाहीतर ५०, रेघ एकच. थायरॉईड जास्त काम करत असेल तर टीएसएच खाली जातं, ते ही पट्टी पकडतच नाही. त्यात लोक बोट पिळपिळून थेंब काढतात, रेघ पुसट उठते, मग मोबाईलवर तिचा फोटो घेऊन शेवटी आमच्याकडेच येतात! लॅबमध्ये टीएसएचचा नेमका आकडा मिळतो, सोबत फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) सांगा. थायरॉईडसाठी उपाशी राहायची गरज नाही, सकाळी गेलात तर बरं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस आधी थांबवा, रिपोर्ट चुकू शकतो. थकवा थायरॉईडचाच असेल असं नाही, म्हणून हिमोग्लोबिन आणि साखर त्याच टोचण्यात बघून घ्या. थायरॉईडची गोळी आधीच चालू असेल तर मात्र पट्टीच्या नादी लागूच नका, डोस तिच्यावरून ठरत नाही.