ड्राफ्टमध्ये टीमची गरज बघायची, की उरलेल्यातला सगळ्यात चांगला खेळाडू घ्यायचा?

प्रश्न असा होता : नुकताच नोकरीसाठी शिकागोला आलोय. ऑफिसमधले सगळे बेअर्सचे, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचे, भक्त. जेवणाच्या टेबलावर कायम एकच वाद. ड्राफ्टमध्ये (लीगमधल्या टीम कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) टीमला ज्या जागी माणूस कमी आहे त्या जागेचा खेळाडू उचलावा, की त्या घडीला जो सर्वोत्तम उरलाय तो? मला दोन्ही बाजू पटतात. खरं काय? आणि मी मध्ये बोलू काय?

उत्तर :

गरज मार्चमध्ये, करार संपलेले अनुभवी खेळाडू बाजारात येतात तेव्हा, भागवायची आणि एप्रिलमध्ये, ड्राफ्टला, चांगला खेळाडू घ्यायचा, असं माझं मत आहे. याला अपवाद एकच, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा. आणि बेअर्सचं सगळं रामायण त्या अपवादातच घडलंय, त्यामुळे तुमच्या टेबलावरचा वाद मिटणं अवघड.

आपल्याकडून येणारा माणूस ड्राफ्ट म्हटलं की आयपीएलचा लिलाव डोळ्यासमोर आणतो, आणि तिथेच गडबड होते. लिलावात एखादा खेळाडू हवाच असेल तर बोली वाढवता येते. इथे पैसा चालत नाही, नंबर चालतो. गेल्या हंगामात सगळ्यात मार खाल्लेली टीम पहिली, विजेती शेवटी, अशा ३२ टीम आणि सात फेऱ्या. कॉलेजातून येणाऱ्या मुलाने कुठे जायचं हे तो ठरवत नाही. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०११च्या करारापासून त्याचा पगारही तो कितव्या क्रमांकावर गेला यावरूनच जवळपास ठरलेला असतो आणि पहिला करार चार वर्षांचा. तुमचा नंबर दहावा असेल तर वरचे नऊ जण काय करतील यावर तुमचं काहीही चालत नाही. म्हणजे 'आम्हाला या जागी माणूस हवाय' असं ठरवून बसलात आणि त्या जागेचे तिन्ही चांगले खेळाडू नवव्यापर्यंत संपले, तर हातात उरतो चौथा. मग तो चौथा दहाव्या क्रमांकाच्या मोलाचा आहे असं स्वतःला पटवून द्यायचं. अमेरिकन चाहते याला 'रीच' म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

(जाता जाता एक गंमत. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियात झाला आणि त्यात सगळ्यात पहिला निवडला गेलेला खेळाडू आपल्या शिकागो विद्यापीठाचा होता, जे बरवँगर. फिलाडेल्फियाच्या ईगल्सने त्याला घेतलं, पण त्याच्या अपेक्षेइतके पैसे देणं जमेना म्हणून त्याचे हक्क बेअर्सच्या जॉर्ज हॅलसना देऊन टाकले. हॅलसशीही त्याचं पैशावरून जुळलं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. ड्राफ्टच्या नावाने कपाळावर हात मारायची बेअर्सची परंपरा अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.)

आता 'गरज'वाल्या मंडळींची चूक कुठे होते ते सांगते. त्यांना दिसते ती या सप्टेंबरची गरज. ड्राफ्टमधला मुलगा बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खरा कामाला येतो, आणि तोवर टीमचं भोक सरकून दुसरीकडे गेलेलं असतं. ५३ जणांच्या संघात दरवर्षी कोणाचा करार संपतो, कोणाचा गुडघा जातो, कोणी निवृत्त होतो. म्हणून एप्रिलमध्ये तयार केलेली गरजांची यादी पुढच्या एप्रिलपर्यंत ओळखूही येत नाही.

त्यात कोण कसा निघेल हे कोणालाच नीट कळत नाही. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच थेलर ज्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला. त्यांनी साधा प्रश्न विचारला : आधी निवडलेला खेळाडू, त्याच जागेवर खेळणाऱ्या आणि त्याच्यानंतर लगेच निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरतो का? उत्तर आलं, सुमारे ५२ टक्के वेळा. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. त्यामुळे 'हाच पाहिजे' म्हणून वर सरकायला जास्तीचे पिक (निवडीच्या पाळ्या, टीम त्या आपसात बदलू शकतात) उधळणारी टीम दिसली की मला धडकी भरते.

इथे येतो अपवाद. चांगला क्वार्टरबॅक नसेल तर बाकीचे ५२ जण काय करणार? आणि ड्राफ्टमधला क्वार्टरबॅक स्वस्त पडतो. केलेब विल्यम्स २०२४ला पहिल्या क्रमांकावर आला, त्याचा चार वर्षांचा मिळून करार साधारण ३९ दशलक्ष डॉलरचा. त्याच वर्षी डॅलसने डॅक प्रेस्कॉटशी केलेला करार वर्षाला ६० दशलक्षांचा. पगारावर सगळ्यांना सारखीच कमाल मर्यादा असताना या फरकातून तीन-चार मोठे खेळाडू येतात. म्हणून क्वार्टरबॅक नसलेली टीम ड्राफ्टमध्ये अडला हरी असते, आणि समोरच्याला ते ठाऊक असतं.

२०१७ साली नेमकं हेच झालं. बेअर्सचा नंबर तिसरा होता. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोबरोबर सौदा करून दुसरा क्रमांक घेतला. एक पायरी वर जायला तिसरा क्रमांक, त्याच वर्षीचे तिसऱ्या आणि चौथ्या फेरीचे पिक, शिवाय पुढच्या वर्षीचा तिसऱ्या फेरीचा पिक, एवढं मोजलं. घेतला मिचेल ट्रुबिस्की, ज्याने नॉर्थ कॅरोलायनाकडून कॉलेजात एकूण १३ सामन्यांत सुरुवात केली होती. सॅन फ्रान्सिस्कोने तिसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक नव्हे तर सॉलोमन थॉमस हा बचावफळीतला खेळाडू घेतला. दहाव्यावर कॅन्सस सिटीने क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स उचलला, जो पुढे लीगमधला अव्वल ठरला, आणि बाराव्यावर ह्यूस्टनने डिशॉन वॉटसन, तोही क्वार्टरबॅक. आणि खरी मौज ऐका, दीड महिनाच आधी बेअर्सने माइक ग्लेनन नावाच्या क्वार्टरबॅकशी तीन वर्षांचा, ४५ दशलक्ष डॉलरपर्यंत जाणारा करार केला होता. तो चार सामने खेळून बाकावर गेला.

तुमच्या टेबलावरचे लोक हे प्रकरण 'गरजेपायी वाटोळं झालं' म्हणून सांगतील. मला तसं वाटत नाही. क्वार्टरबॅक हवा होता हे शंभर टक्के खरं होतं. त्यांचा माणूस ओळखण्यात घोटाळा झाला, आणि मग त्या चुकीच्या माणसासाठी वर जास्तीचे पिक मोजले गेले. गरज खरी असूनही निवड चुकू शकते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मी भांडणं संपतात. चार वर्षांनी जस्टिन फील्ड्स या क्वार्टरबॅकसाठी विसाव्यावरून अकराव्यावर चढताना पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक गेला, तेव्हाही हाच खेळ.

मग उलटा सौदा झाला, तो मला फार आवडतो. २०२२चा हंगाम बेअर्सने ३ विजय, १४ पराभव असा काढला. तरी पहिला क्रमांक त्यांचा नव्हता, ह्यूस्टनचा होता. शेवटच्या दिवशी ह्यूस्टनने इंडियानापोलिसला अगदी अखेरच्या क्षणी ३२-३१ असं हरवलं आणि पहिला क्रमांक आपल्या पदरात पडला. ह्यूस्टनचा प्रशिक्षक कोण? लव्ही स्मिथ, बेअर्सला २००६च्या हंगामात सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेलेला माणूस. त्या संध्याकाळी आमच्या उपनगरात लोकांनी त्याचे पुतळे उभारायचंच बाकी ठेवलं होतं.

जनरल मॅनेजर रायन पोल्सने तो क्रमांक कॅरोलायनाला विकला. बदल्यात नववा क्रमांक, दुसऱ्या फेरीतला ६१वा, २०२४चा पहिल्या फेरीचा पिक, २०२५चा दुसऱ्या फेरीचा पिक आणि डीजे मूर हा चांगला चालता रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा. या वेळी अडला हरी समोर बसलेला होता. कॅरोलायनाने क्वार्टरबॅक ब्राइस यंग घेतला, हंगामात २ सामने जिंकले, १५ हरले, आणि त्यांचा २०२४चा पिक पुन्हा पहिला निघाला. तो बेअर्सचा होता. त्यातून केलेब विल्यम्स.

इथवर मी 'सर्वोत्तम घ्या'वाल्यांच्या बाजूने बोलतेय असं वाटेल. तर २०२४चा दुसरा पिक बघा. नवव्या क्रमांकावर बेअर्सने रोम ओडुन्झे घेतला, रिसीव्हर. मूर होताच, मार्चमध्ये कीनन ॲलनही आणला होता. कागदावर ओडुन्झे हाच त्या घडीचा सर्वोत्तम, यावर फारसं दुमत नव्हतं. पण क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पुढची फळी तशीच लुळी राहिली. त्या हंगामात विल्यम्सला ६८ वेळा आडवा केला. बावीस वर्षांचा पोरगा दर रविवारी जमिनीवरून उठून बसतोय हे बघवत नव्हतं. टीम ५ विजय, १२ पराभव. प्रशिक्षक एबरफ्लूस यांना थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं. बेअर्सच्या इतिहासात हंगाम चालू असताना प्रशिक्षक काढायची ती पहिलीच वेळ.

'गरज'वाले हे उदाहरण तोंडावर मारतात आणि त्यांचा राग रास्त आहे. फक्त माझ्या मते तो पत्ता चुकलेला राग आहे. ओडुन्झेला घेणं चुकलं नाही. मार्चमध्ये पुढची फळी नीट बांधणं राहून गेलं होतं, ते चुकलं. घरात मीठ नसताना सुकामेवा आणला तर सुकामेव्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

पुढच्या वर्षी हेच सुधारलं. नवा प्रशिक्षक बेन जॉन्सन आला आणि ड्राफ्टच्या महिनाभर आधीच फळीचा मधला भाग अख्खा बदलला : कॅन्सस सिटीकडून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाहून सेंटर ड्रू डॅलमन. म्हणून एप्रिलमध्ये दहाव्या क्रमांकाला हात मोकळा होता. चाहत्यांना रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, हवा होता. ॲश्टन जेंटीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, पण रेडर्सनी सहाव्यालाच त्याला उचललं. बेअर्सने घेतला कोल्स्टन लव्हलँड, टाइट एंड, म्हणजे चेंडूही झेलणारा आणि समोरच्यांना अडवणाराही. त्या जागेवर कोल कमेट नावाचा, इथलाच, लोकांचा लाडका खेळाडू आधीपासून होता. काय बोंबाबोंब झाली म्हणता! रनिंग बॅक घेतला तो थेट सातव्या फेरीत, २३३वा, रटगर्सचा काइल मोनंगाई.

२ नोव्हेंबर २०२५, सिनसिनाटी. मुख्य रनिंग बॅक स्विफ्ट दुखापतीने बाहेर. मोनंगाई १७६ यार्ड धावला. सामना हातातून गेल्यासारखा होता, आणि १७ सेकंद उरले असताना लव्हलँडने ५८ यार्डांचा टचडाउन केला. ४७-४२. ज्या जागेची गरज होती तिथे २३३वा पिक धावला, आणि जिथे गरज नाही म्हणून ओरड होती त्या दहाव्या पिकने सामना काढला. तो हंगाम बेअर्सने गटविजेते म्हणून संपवला.

आता शेजारच्या शत्रूचंही थोडं मान्य करायला हवं, हे बेअर्सवाल्यांसमोर बोलू नका. ग्रीन बेचे पॅकर्स २०१९च्या हंगामात सुपर बोलच्या एक पाऊल अलीकडे हरले होते. त्यांचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स ३६ वर्षांचा, त्याला रिसीव्हर द्या असं सगळं गाव ओरडत होतं. त्यांनी पहिल्या फेरीत पिक खर्चून वर चढून काय घेतलं? आणखी एक क्वार्टरबॅक, जॉर्डन लव्ह. पुढची तीन वर्षं तो बाकावर. रॉजर्सने चिडून म्हणा, त्वेषाने म्हणा, लागोपाठ दोन हंगाम लीगचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब घेतला. २०२३ला तो गेला आणि लव्ह तयार होता. रॉजर्सलाही त्यांनी २००५ला, आधीचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्र खेळत असतानाच घेतला होता. गरज उगवायच्या तीन वर्षं आधी माणूस घेऊन ठेवायचा. चाहत्यांना हे कधीच आवडत नाही, कारण त्यांचं तिकीट या रविवारचं असतं. बेअर्सच्या एकाही क्वार्टरबॅकने एका हंगामात चेंडू फेकून ४००० यार्ड अजून गाठलेले नाहीत आणि ग्रीन बेत तीस वर्षं दोघांनीच संसार केला, यामागे नशीब आहे तसं हेही आहे.

'सर्वोत्तम उपलब्ध' हेसुद्धा काही आकाशवाणीतून ठरत नाही, एवढं लक्षात ठेवा. प्रत्येक टीमची यादी स्वतःची असते आणि ती करतानाच गरज मागच्या दाराने आत शिरलेली असते. पत्रकार परिषदेत सगळेच जनरल मॅनेजर म्हणतात, 'आमच्या यादीतला हाच सगळ्यात वर होता.' दुसरं म्हणतील तरी काय?

टेबलावर काय बोलायचं? बाजू घेऊ नका. कोणी म्हणालं, 'यांनी डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू) घ्यायलाच हवा होता,' तर विचारा, 'मार्चमध्ये कोणाला आणलं होतं त्या जागी? आणि सध्याच्यांचे करार कधी संपतायत?' दोन वर्षांनी मोकळी होणारी जागा कोणती हे सांगता येणारा माणूस टेबलावर एखादाच असतो, त्याच्या शेजारी बसा. मॉक ड्राफ्ट (कोण कोणाला घेईल याचे आधीच केलेले अंदाज) वाचा, पण शर्यतीच्या घोड्यांसारखे पैसे लावू नका. चौथ्या फेरीत पंटर (लाथेने चेंडू लांब मारणारा) घेतल्याचा विषय निघाला तर खुशाल हसा, २०२४ला ते खरंच झालंय आणि टोरी टेलर आता सगळ्यांचा आवडता आहे.

आणि महोम्सचं नाव काढायचं झालंच, तर सगळ्यांचं जेवण झाल्यावर काढा.