तुरुंगातला मृत्यू आणि बाहेरचा माणूस

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

कारागृहाला भेटी देऊन पाहणी करणाऱ्या अभ्यागत मंडळावर अशासकीय सदस्य म्हणून तुझी नेमणूक झाली, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारतेस, तुरुंगातल्या मृत्यूंबाबत एवढे निकाल आणि परिपत्रकं आहेत, मग मी तिथे जाऊन आणखी काय करणार? नवे नियम तुला करायचे नाहीतच. झालेल्या नियमांचं पुढे काय होतं, हे बघायला बाहेरचं कोणी जात नाही. ते बघायला तू जा.

कागद आपल्याकडे भरपूर आहेत. कोठडीतल्या मृत्यूची खबर 24 तासांत द्या, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1993 मध्येच राज्यांना कळवलं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा, हे 1995 मध्ये सांगितलं. 2005 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशीची तरतूद आली. आज ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 196 मध्ये आहे. माजी सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी 13 जून 2013 ला सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून देशभरातल्या तुरुंगांची अवस्था मांडली. त्या पत्राचीच याचिका झाली आणि 15 सप्टेंबर 2017 ला निकाल आला. 2012 ते 2015 या काळात तुरुंगात अनैसर्गिक मृत्यू आलेल्यांचे वारस शोधा आणि त्यांना भरपाई द्या, असं उच्च न्यायालयांना सांगितलं गेलं. पुढच्या वर्षी तुरुंग सुधारणांसाठी न्या. अमिताव रॉय यांची समिती नेमली गेली.

यातलं एकही पाऊल मी कमी लेखत नाही. पण प्रत्येक पावलानंतर वर जातो तो अनुपालन अहवाल, म्हणजे हुकूम पाळल्याचा अहवाल, आणि तो लिहितं ज्याच्याकडून अनुपालन व्हायचं तेच खातं. माझी खरी तक्रार इथे आहे. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच हाती वही असेल, तर तपासणी कसली? आयोगाचीही यातून सुटका नाही. मानवी हक्क संस्थांच्या जागतिक संघटनेने 2023 आणि 2024 मध्ये आपल्या आयोगाचं मानांकन लांबणीवर टाकलं. आयोगाच्या चौकशांमध्ये पोलीस अधिकारीच असतात, हे त्यामागचं एक कारण होतं.

स्कॉटलंडचं उदाहरण मुद्दाम अभ्यास. तिथे तुरुंगातल्या मृत्यूनंतर यंत्रणा कशी वागते याचा स्वतंत्र आढावा नोव्हेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. तुरुंग निरीक्षक, कैद्यांच्या कुटुंबांसाठी काम करणारी संस्था आणि मानवी हक्क आयोग, अशा तिघांच्या प्रमुखांनी मिळून तो केला आणि मृतांच्या नातेवाइकांना सल्लागार म्हणून सोबत घेतलं. प्रत्येक मृत्यूची चौकशी सरकार, तुरुंग विभाग आणि आरोग्य सेवा या तिघांपासूनही वेगळ्या संस्थेने करावी, ही त्यातली मुख्य शिफारस. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. शिफारशी अमलात येतात की नाही हे पाहायला 2022 मध्ये बाहेरची एक व्यक्ती नेमली गेली, गिल इमरी. एकेकाळी पोलिसांच्या मुख्य निरीक्षक असलेल्या या बाईंनी काम किती संथ चाललं आहे, ते जाहीर अहवालांत स्पष्ट लिहिलं. म्हणून तिथे सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. पोलमॉन्टच्या युवा कारागृहात 2018 मध्ये दोन कोवळ्या जिवांनी आत्महत्या केली. त्यांच्या न्यायालयीन चौकशीचा निष्कर्ष यायला जानेवारी 2025 उजाडला. पण दिरंगाई चारचौघांत आली, तारखेनिशी आली. आपल्याकडे तीसुद्धा कुणाला कळत नाही.

आता तुझ्या कामाचं. पहिल्या भेटीत स्वयंपाकघर दाखवतील, वाचनालय दाखवतील. बघ, आनंदाने बघ. मग मृत्यूची नोंदवही माग. 1894 च्या तुरुंग अधिनियमातलं पंधरावं कलम घरून वाचून जा. कैद्याने दुखण्याची पहिली तक्रार कोणत्या दिवशी केली, त्या दिवशी त्याला काय काम होतं, आहार काय होता, रुग्णालयात कधी घेतलं, वैद्यकीय अधिकाऱ्याला कधी कळलं, मृत्यूआधी त्याला शेवटचं कधी तपासलं, असं सगळं वैद्यकीय अधिकाऱ्याने नोंदवायचं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारचा हा कायदा, पण प्रश्न नेमके विचारतो. उद्या कायदा बदलेल, वहीचं नाव बदलेल. हे प्रश्न मात्र सोडू नकोस.

मी पाहिलेल्या एका वहीत ‘पहिली तक्रार’ आणि ‘रुग्णालयात दाखल’ या दोन्हींपुढे एकच तारीख होती, एकाखाली एक, प्रत्येक मृत्यूला. माणसं आजारी पडली त्याच दिवशी दवाखान्यात पोचली, असं ती वही सांगत होती. त्याच काळातलं गेटचं रजिस्टर आणि कैद्याला रुग्णालयात न्यायला पोलीस गार्ड मागितल्याची पत्रं काढायला लावली, तेव्हा मधले दिवस दिसू लागले. गार्ड मिळाली नाही म्हणून छातीत दुखणारा माणूस बरॅकमध्येच पडून राहिला होता. म्हणून एका कागदावर कधी थांबायचं नाही. नोंदवही, गेट रजिस्टर, गार्डची मागणी आणि कैद्याचं हिस्ट्री तिकीट, म्हणजे त्याच्या नावाचा तुरुंगातला नोंदीचा कागद, हे चारही शेजारी शेजारी ठेवून वाचायचे.

‘नैसर्गिक’ या शिक्क्यापाशी जास्त वेळ थांब. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत 2022 साली देशातल्या तुरुंगांत 1,995 मृत्यू झाले आणि त्यातले 1,773 नैसर्गिक ठरले. वेळेवर उपचार मिळाले नाहीत म्हणून माणूस गेला, तर तो कोणत्या रकान्यात बसतो? सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या निकालात हाच प्रश्न उभा केला होता. आपल्या राज्यात आता त्याला पैशाचीही बाजू आहे. एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने भरपाईचं धोरण मंजूर केलं: काम करताना अपघात, वैद्यकीय हलगर्जी, कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा कैद्यांची आपसातली मारामारी यांत मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख, आत्महत्या असेल तर एक लाख, आणि वार्धक्य किंवा दीर्घ आजार असेल तर काही नाही. धोरण आलं हे चांगलंच झालं. पण हलगर्जी झाली की नाही, हे ठरवताना पहिली कागदपत्रं त्याच तुरुंगातून निघतात. तेव्हा किती दावे आले, किती नाकारले आणि नाकारताना कारण काय दिलं, हे दर भेटीत लेखी माग.

साक्षीदारांची गोष्ट याहून नाजूक आहे. जून 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात एका कैदी बाईचा मृत्यू झाला. मारहाणीची हकिगत बाहेर आली ती सोबतच्या बायकांमुळे, आणि कारागृहाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. जी बोलते तिला रात्री त्याच बरॅकमध्ये झोपायचं असतं, सकाळी त्याच माणसांकडून भाकरी घ्यायची असते. तू कुणाशी बोललीस हे अधीक्षकांना कळू देऊ नकोस. एकीलाच बाजूला नेऊ नकोस, दहा-बाराजणींशी बोल. पुढच्या भेटीला त्यातल्या कुणाची बदली झाली का, हे आठवणीने विचार.

तुरुंगातले सगळे लोक वाईट असतात, असं मनात धरून मात्र जाऊ नकोस. एका डॉक्टरच्या माथी शेकडो कैदी असतात, शिपाई दुहेरी ड्युटी करतात. त्यांना तुझा अहवाल आपल्या बाजूचा वाटायला हवा. कारण रिक्त जागांचा आकडा त्यांनी लिहिला तर तक्रार ठरते, तू लिहिलास तर नोंद होते.

आणि घरच्यांना विसरू नकोस. बहुतेकदा गावातल्या ठाण्याचा पोलीस दारात येऊन ‘तुमचा माणूस गेला’ एवढंच सांगून जातो. चौकशीच्या वेळी नातेवाइकांना शक्य तिथे कळवावं आणि हजर राहू द्यावं, असं कायदाच म्हणतो, पण हे त्यांना कुणी सांगत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन विचार, की मागच्या प्रत्येक मृत्यूत कुटुंबाला वकील मिळाला का, चौकशीच्या तारखेची नोटीस गेली का, अहवालाची प्रत मिळाली का. उत्तर ‘माहिती संकलित करत आहोत’ असं आलं, तर तेच उत्तर तारखेसह अहवालात घाल आणि पुढच्या अहवालात पुन्हा छाप.

पहिली भेट झाली की टिपण मला पाठव, कैद्यांची नावं गाळून. आधी गार्डच्या पत्रांच्या तारखा बघू, बाकीचं नंतर बोलू.

तुझी,
मावशी