जुना स्कोप घेताय? आधी मागची बाजू बघा

जुन्या बाजारात टेक्ट्रॉनिक्स ४६५ हा ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेत दाखवणारं यंत्र) दिसला म्हणून लगेच खिशात हात घालू नकोस. शंभर मेगाहर्ट्झचा दणकट स्कोप आहे, मान्य. पण विकणारा 'चालू आहे' म्हणतो म्हणजे फक्त दिवा लागतो. किंमत ठरवताना नॉब, प्रोब (सर्किटला लावायची मोजणीची वायर) आणि पडद्यावरची रेघ बघ. पडद्याची ट्यूब थकलेली असेल तर रेघ अंधुक आणि जाड दिसते, आणि तशी ट्यूब आता मिळणं मुश्कील. बाकी बरंच दुरुस्त होतं.

घरी आणलास की लगेच प्लग लावू नकोस. मागचा व्होल्टेज सिलेक्टर, म्हणजे ११५ की २३० व्होल्ट ते ठरवणारा स्विच, आधी बघ. एकदा मी घाईत ११५ वर असलेलं मीटर आपल्या २३० मध्ये घातलं. फ्यूज उडाला, नशीब! पहिल्यांदा सुरू करताना तारेचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लाव, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच स्कोपला मिळेल. तो भगभगून पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट असू शकतो.

मग आधी पॉवर सप्लायची सगळी व्होल्टेज मोज, रिपलसकट (डीसीवर उरलेला चढउतार). टँटलम कपॅसिटर शॉर्ट होणं हा या पिढीचा नेहमीचा आजार. नवे कपॅसिटर पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतील, पण पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घे. सगळे सरसकट बदलत सुटू नकोस, आणि ट्रिमपॉट (आतले जुळवणीचे छोटे स्क्रू) तर अजिबात फिरवू नकोस. सर्व्हिस मॅन्युअल हातात नसताना कॅलिब्रेशन बिघडवलंस की मूळ जागा सापडत नाही.

आणि हो, बंद केल्यावरही ट्यूबच्या अ‍ॅनोडवर (उच्च व्होल्टेजच्या टोकावर) हजारो व्होल्ट राहतात. आत काम करताना एक हात खिशात ठेव, म्हणजे झटका एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जाणार नाही.