विश्वामित्रीचा काठ सोडून इंग्लंडला इकॉलॉजिस्ट म्हणून यायचं असेल तर

ताई म्हणून हाक मारलीस, तेव्हा मीही एकेरीतच लिहिते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: विश्वामित्री नदीवरच्या वडोदऱ्याच्या एका सल्लागार कंपनीत चार वर्षं ईआयएचं, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायचं, जैवविविधतेचं काम केलंस, एम.एस्सी. झालीयस, मुलगी सहा वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये इकॉलॉजिस्टची नोकरी मिळेल का, रोजचं काम काय असतं, मुलीच्या शाळेचं काय आणि तिकडे एकटं वाटतं का? दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं. आज जमेल तसं लिहिते.

व्हिसाचे फॉर्म आणि फी सरकारी पानांवर आहेत, ते सोडून देते. पण एक मेख तिथे कुणी समजावून सांगत नाही. 2025 च्या जुलैपासून स्किल्ड वर्कर व्हिसाची साधारण पगारमर्यादा 41,700 पौंड आहे आणि नवख्यांसाठी 33,400. आपल्या क्षेत्रात सुरुवातीचा पगार सहसा या खालच्या आकड्यापर्यंतही पोचत नाही. म्हणून लोक इथे वर्षभराची मास्टर्स करून आत शिरतात. तुझ्यासाठी तो रस्ता अवघड आहे, कारण 2024 पासून टॉट, म्हणजे संशोधनाऐवजी वर्गात शिकायच्या, मास्टर्सवर नवरा-मूल सोबत आणता येत नाही. शिवाय नवख्यांची सवलत एकूण चारच वर्षं मिळते आणि ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे इथलं शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर, काढलेला काळही त्या चारांतच धरतात. हे गणित आधी कागदावर मांड. बाकी सगळं त्यानंतर.

आता अनुभवाचं. तुझी पद्धत चालेल, तुझी नजर चालणार नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण तिथेच सगळे फसतात. आपल्याकडे प्रकल्पाभोवती 10 किलोमीटरचा पट्टा, पावसाळा सोडून एका हंगामाचा डेटा, झाडांना 10 बाय 10 मीटरचा क्वाड्रॅट म्हणजे मोजणीचा चौकोन, गवताला 1 बाय 1 चा, मग शॅनन इंडेक्स हा विविधतेचा आकडा आणि वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधल्या प्राण्यांची यादी. इथे जागा दोन एकरांची असते आणि त्या दोन एकरांतलं प्रत्येक कुंपण, प्रत्येक डबकं, प्रत्येक पोकळ फांदी तुला हिशोबात धरावी लागते. खैर, पळस, करंज ओळखायला लागलेली वर्षं इथे बाजूला ठेवायची आणि गवतांपासून सुरुवात करायची, तीही फुलोरा नसताना, नुसत्या पात्याच्या मुळाशी असलेल्या जिभलीवरून. ओळखीचं भेटतं ते भलत्याच रूपात. नदीकाठी माणसाहून उंच गुलाबी फुलांचं रान दिसेल, तो हिमालयातून आणलेला तेरडा. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस, इथे तो उपटून संपत नाही. शेंग हात लागताच फुटते, बी सात मीटरपर्यंत उडतं आणि मातीत साधारण दोन वर्षं जिवंत राहतं. म्हणून फुलं येण्याआधी उपटायचा, आणि सुरुवात नदीच्या वरच्या अंगाकडून करायची. खालून सुरू केलं तर वरून वाहून आलेलं बी तुझी मेहनत पाण्यात घालतं.

रोजच्या कामातला मोठा वाटा वटवाघळांचा. जुनं घर पाडायचं असो की छप्पर काढायचं, आधी दिवसाउजेडी पाहणी. शिडी, जोरकस टॉर्च, फटीत घालायचा बारीक कॅमेरा म्हणजे एंडोस्कोप, मास्क, हातमोजे. माळ्यावर काळ्या लेंड्या दिसल्या की एक हातमोज्याच्या चिमटीत चुरडायची. वटवाघळाची असेल तर लगेच भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकदार तुकडे दिसतात. उंदराची कडक राहते, चुरत नाही. मग ती कुठे पडलीय ते बघायचं: तुळईच्या बरोबर खाली ओळीने असेल तर वर बसायची जागा आहे. जाती ठरवायला नमुना डीएनएसाठी पाठवतात, अंदाज लिहीत नाहीत.

मग मे ते सप्टेंबर संध्याकाळच्या पाहण्या. इमारतीत वटवाघळं असायची शक्यता कमी असेल तर एक फेरी, मध्यम असेल तर दोन, जास्त असेल तर तीन. सूर्यास्ताच्या 15 मिनिटं आधी जागेवर उभं राहायचं आणि नंतर दीड-दोन तास हलायचं नाही. सूर्यास्ताला तापमान 10 अंशांच्या खाली असेल, वारा जोराचा असेल किंवा पाऊस असेल तर ती फेरी धरत नाहीत. 2023 मध्ये बॅट कॉन्झर्व्हेशन ट्रस्टच्या मार्गदर्शक सूचनांची चौथी आवृत्ती आली, तेव्हापासून इन्फ्रारेड कॅमेरा आणि त्याचा दिवा हे नेहमीचं सामान झालंय. चूक सहसा साध्या गोष्टीत होते. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि वटवाघळांचे आवाज टिपणाऱ्या डिटेक्टरचं घड्याळ जुळवलेलं नसतं, मग 21:47 ला कौलाखालून निघालेलं वटवाघूळ आणि रेकॉर्ड झालेला आवाज यांची जोडी लागत नाही, आणि अख्खी रात्र वाया. आवाजांचं म्हणशील तर पिपिस्ट्रेल या छोट्या वटवाघळांतलं कॉमन पिपिस्ट्रेल साधारण 45 किलोहर्ट्झला, सोप्रानो पिपिस्ट्रेल 55 ला. मधे 50 च्या आसपास आलं तर जात लिहायची नाही, नुसतं पिपिस्ट्रेल लिहायचं. वटवाघळांच्या मायोटिस गटात तर बहुतेक वेळा गटावरच थांबावं लागतं. जे ठरवता येत नाही ते ठरवता आलं नाही असं लिहायचं, याचा मान इथे आहे. अहवालात मर्यादांसाठी वेगळा भाग असतो: कोणती खोली बंद होती, कोणता कॅमेरा मधेच गेला. मुलाखतीत यावर हमखास विचारतात आणि आपल्याकडून आलेली मंडळी इथेच अडखळतात, कारण आपल्याला त्रुटी झाकायची सवय लागलेली असते.

दुसरं मोठं काम ग्रेट क्रेस्टेड न्यूटचं, पाठीवर तुरा असलेला पाण्यातला सरड्यासारखा उभयचर. 15 एप्रिल ते 30 जून या काळात तळ्याच्या पाण्यातून त्याचा डीएनए शोधतात. काठावर फिरून 20 ठिकाणांहून डावभर पाणी निर्जंतुक पिशवीत घ्यायचं, पिशवी 10 सेकंद हलवायची, त्यातलं 15 मिली इथेनॉल असलेल्या प्रत्येक नळीत सोडायचं, अशा सहा नळ्या. पाण्यात पाय घालायचा नाही, गाळ ढवळायचा नाही, कारण गाळात जुना डीएनए असतो आणि आज तिथे नसलेला प्राणी ‘आहे’ म्हणून निघतो. दर तळ्याला नवे हातमोजे. हे वाचून सोपं वाटेल. काटेरी ब्रॅम्बलमधून काठावर पोचायलाच अर्धा तास जातो आणि 20 जागा तळ्याभोवती सगळीकडून घ्यायच्या असतात, सोयीच्या बाजूने नाही.

तिसरं, बायोडायव्हर्सिटी नेट गेन, म्हणजे बांधकामानंतर जैवविविधता आधीपेक्षा वाढलेली दाखवणं. इंग्लंडमध्ये मोठ्या बांधकामांना 12 फेब्रुवारी 2024 पासून आणि लहान जागांना 2 एप्रिल 2024 पासून किमान 10 टक्के वाढ दाखवायचा नियम लागू झाला. जागेबाहेर केलेलं काम आणि जागेवरचं महत्त्वाचं काम 30 वर्षं राखावं लागतं. हिशोब असा: क्षेत्र गुणिले अधिवासाचा दर्जा गुणिले अवस्था गुणिले स्थानाचं महत्त्व. 0.8 हेक्टर साधं सुधारित गवत, दर्जा 2, अवस्था मध्यम म्हणजे 2, स्थान 1, तर 3.2 युनिट. तेच गवत तू ‘इतर न्यूट्रल गवताळ’ म्हणून धरलंस तर दर्जा 4, म्हणजे 6.4. रायग्रास आणि पांढरा क्लोव्हर मिळून 30 टक्क्यांच्या वर की खाली, एका चौरस मीटरमध्ये किती जाती, यावर बिल्डरचा खर्च दुप्पट होतो. म्हणून मघाशी म्हटलं, गवतं शीक. मार्चमध्ये कापलेल्या कुरणावर हा निर्णय द्यायला सांगतील, तेव्हा ‘जूनमध्ये परत यावं लागेल’ असं म्हणायची हिंमत ठेव.

तयारीचं भराभर सांगते. हंगामी माणसं साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेतात. मे महिन्यात अर्ज केलास तर वर्ष गेलं. गाडी आलीच पाहिजे: भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून 12 महिने चालतं, पुढे दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात आणि प्रॅक्टिकलची तारीख लवकर मिळत नाही. पहिल्याच महिन्यात थिअरी देऊन टाक. रेबीजची प्रतिबंधक लस वडोदऱ्यातच घे आणि तारखांचं कार्ड जपून ठेव, त्याशिवाय वटवाघळाला हात लावू देत नाहीत. न्यूट आणि वटवाघळांचं लायसन्स मिळायला आधीच्या लायसन्सधारकाची शिफारस आणि तारीखवार अनुभवाची नोंद लागते, म्हणून पहिल्या रात्रीपासून वही ठेव: कुठे, कुणाबरोबर, किती तास, हाताने काय केलं. सीआयईईएम ही इथली व्यावसायिक संस्था; तिच्या चौकटीत कौशल्याच्या चार पायऱ्या आहेत, बेसिक, केपेबल, अकॉम्प्लिश्ड, ऑथॉरिटेटिव्ह. सीव्हीत इथल्या जातींसाठी स्वतःला बेसिक लिही आणि सर्वेक्षणाच्या आखणीसाठी केपेबल. दोन्ही खरं आहे.

कागदपत्रांवर मला आजही चीड येते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव, पासपोर्टवर लग्नानंतरचं, पदवीवर युनिव्हर्सिटी ‘बरोडा’ची आणि पत्ता ‘वडोदरा’चा. इथल्या एका कचेरीला बरोडा आणि वडोदरा हे एकच शहर आहे हे पटवायला किती पत्रं गेली ते मोजायचंही सोडून दिलं. तू येण्याआधीच नावांचं एक प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घे, तिन्ही रूपं आणि शहराची दोन्ही नावं एकाच कागदावर. अनुभवपत्रातही ‘कामकाज समाधानकारक’ असलं काही नको. प्रकल्पाचा प्रकार, सर्वेक्षणाचे दिवस, तुझी भूमिका असं लिहून माग. नोकरी सोडण्याआधी माग, सोडल्यावर कोणी देत नाही.

शाळा. 1 सप्टेंबरला मुलगी सहाची असेल तर ती थेट इयर टूमध्ये जाते, तिकडे पहिलीत असली तरी. त्या वर्गापर्यंत 30 मुलांची मर्यादा कायद्याने आहे, त्यामुळे वर्षाच्या मध्ये आलीस तर घराजवळची शाळा भरलेली असते आणि दोन बस लांबची मिळते. इयर थ्रीपासून ती मर्यादा कायद्यात नाही. शक्यतो इथला पत्ता एप्रिल-मेमध्येच घेऊन सप्टेंबरसाठी प्रवेश माग. आणि आपली संध्याकाळची कामं मे ते सप्टेंबर, शाळेची मोठी सुट्टी जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे सुट्टीत तू रात्री अकराला घरी येशील आणि ती झोपलेली असेल. घरी दुसरं माणूस हवंच.

अजून एक. तिच्या दप्तराबरोबर ‘इंग्रजी ही दुसरी भाषा’ असा शेरा जाईल, अस्खलित बोलत असली तरी. घरी इंग्रजीच बोला असं कोणी शाळेतून सुचवलं तर ऐकू नकोस. मी ऐकलं. माझा मुलगा आता आजीशी व्हिडिओवर हसतो, मान डोलावतो आणि फोन माझ्याकडे देतो. हा सल माझा आहे, पण तुला तो टाळता येईल.

एकटं वाटतं का विचारलंस. वाटतं, आणि कामामुळे कमी होतं. डिसेंबरात चारच्या सुमाराला अंधार पडतो, तेव्हा अहवाल लिहायचे असतात, ते लिहायचे. एवढंच. फक्त ऑगस्टमध्ये जड जातं. 2024 च्या पुरात विश्वामित्रीच्या मगरी वस्तीत शिरल्या, तेव्हा इथे कुणाच्या तरी गॅरेजबाहेर खुर्चीत बसून एका छोट्या वटवाघळाची वाट बघणं मला बरोबर वाटत नव्हतं. मगर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर खड्डा करून अंडी घालते, पावसाआधी पिल्लं बाहेर येतात. काठ कधी खणायचा आणि कधी नाही हे सांगणारी माणसं त्या शहराला हवीत. इथे एका पिपिस्ट्रेलसाठी बांधकाम थांबवता येतं, याचा मला अभिमान वाटतो, आणि त्याच क्षणी तिकडची आठवण येते. हे दोन्ही एकाच वेळी वाटतं. त्यातून मी अजून बाहेर आलेली नाही, म्हणून ‘ये’ किंवा ‘येऊ नकोस’ असं मी सांगणार नाही.

एक मात्र निघण्याआधी कर. चार वर्षांत वढवाणाच्या आणि टिंबीच्या तलावांवर, नदीकाठी ज्या नोंदी केल्यास त्यातल्या कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या वेगळ्या काढ. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, जीपीएस, किती वेळ पाहिलं आणि किती माणसं होती हे जोड. काहीच न दिसलेले दिवसही ठेव, तेच बहुतेकांच्या वहीत नसतात. पक्षी ईबर्डवर टाक, बाकी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर. शिवाय एक प्रत विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागातल्या कुणाच्या तरी हातात दे. माझ्या सात वह्या दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावर ट्रंकेत आहेत. पेन्सिलचं लिखाण आहे, ते पुसट होत चाललंय असं आई सांगते.