मार्चमध्ये भीमाशंकरला फुलं बघायला जातेस, तर...

पहिल्यांदाच जातेयस, म्हणून सांगते. पायथ्याच्या खांडस गावाहून गणेश घाटाच्या वाटेनेच चढ. शिडी घाट नवख्यांसाठी नाही, आणि तिथे फुलांकडे लक्षही जात नाही! उजाडायच्या आत चालायला लाग, दहानंतर उघड्या कातळावर ऊन भाजून काढतं. प्रत्येकीकडे तीन लिटर पाणी हवंच. पावसाळ्यातले झरे या दिवसांत आटलेले असतात.

सगळ्यांची नजर जमिनीवर असते, तिथेच चुकतं. सह्याद्रीचा वसंत झाडांवर असतो. पायथ्याशी पळस, पांगारा, काटेसावर, सगळा लालभडक कारभार. काटेसावरीखाली दहा मिनिटं गप्प बसलीस तर मधासाठी भांडणारे पक्षी दिसतील. वर गर्द रान लागलं की अंजनी शोध: फांदीलाच चिकटलेले निळे-जांभळे झुबके. करवंदीची पांढरी फुलं मात्र आधी वासानेच कळतात.

अत्तर, डिओ अजिबात नको. आग्या मोहोळं असतात, त्यांच्याखाली आरडाओरडा किंवा धूर म्हणजे जिवाशी खेळ. चूल पेटवू नकोस, वाळलेल्या गवतात वणवा लागायला एक ठिणगी पुरते. आणि अभयारण्य आहे, फुलं तोडायची नाहीत. गळून पडलेला पळस खुशाल उचल, मीही उचलते.