सर, माउस कुणाच्या हातात असतो?

"मॅडम, आता आमचं काय राहिलंय?"

गेली दोन-तीन वर्षं समुपदेशक म्हणून हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. बोलणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले, कॉलेजात शिकवणारे. कुणी गंगापूर रोडवरच्या मोठ्या संस्थेत, कुणी नाशिकहून रोज निफाड, पिंपळगाव, दिंडोरीला अपडाउन करणारे. नोकरी पक्की, पगार वेळेवर, मुलं मानही देतात. तरी रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. कारणं विचारली की तीच ती: नवं शैक्षणिक धोरण, बदललेला अभ्यासक्रम, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकची धावपळ, बढतीसाठी कॅसची फाइल, एकामागून एक एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांसाठीचे प्रशिक्षण कोर्स. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, "हे एआय".

या सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एका सरांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर भूगोल शिकवतात. बावीस वर्षांची नोकरी. झोप उडाली, बीपी वाढलं, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे धाडलं. पहिल्याच भेटीत त्यांनी टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली.

"हे काय आणलंत?"

"प्रमाणपत्रं. आधी बघून घ्या. मी आळशी माणूस नाहीये."

मी चाळली. अध्यापनात एआय, ऑनलाइन मूल्यमापन, ई-कंटेंट, पुन्हा अध्यापनात एआय. कॉलेजं निराळी, राज्यं निराळी, विषय तेच.

"यातलं वर्गात काय वापरलंत?"

सर खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू? कॅमेरा बंद ठेवून जेवण उरकायचो. शेवटी फीडबॅक फॉर्मची लिंक येते, तेवढी मात्र कधी चुकवली नाही."

गंमत म्हणजे नियम त्यांना तोंडपाठ होते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीप्रमाणे लेव्हल १२ वरून १३-ए ला जायला, म्हणजे सहयोगी प्राध्यापक व्हायला, पीएचडी आणि बाकीच्या अटींबरोबर, दोन आठवड्यांचा एक कोर्स पुरतो. त्याऐवजी आठवड्याचे दोन चालतात, किंवा परीक्षा देऊन पूर्ण केलेला एक 'मूक' (एमओओसी), म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन कोर्स. सरांचं हे सगळं केव्हाच झालं होतं.

"मग बाकीची एवढी कशाला?"

"भीती वाटते. नाही केलं तर मागे पडू."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा गाभा थोडक्यात असा, की घटना माणसाला जितकं छळते त्याहून जास्त छळतं ते त्या घटनेबद्दल त्यानं मनात धरलेलं गृहीत. म्हणून मी पहिल्यांदा माणूस स्वतःशी काय बोलतो ते ऐकते. सर स्वतःशी बोलत होते ते असं: बावीस वर्षं शिकवलेल्या माणसाला असल्या गोष्टी विचाराव्या लागणं म्हणजे तो नालायक. एक कौशल्य येत नाही, यावरून सबंध माणसाचा निकाल! हेच सर बारावीला भूगोलात नापास झालेल्या मुलाला कधी नालायक म्हणणार नाहीत. हे त्यांना पटलं. पटवून घेण्यात प्राध्यापक मंडळी फार हुशार असतात. दिलेला गृहपाठ ते सुवाच्य अक्षरात लिहून आणायचे. झोप थोडी सुधारली. पण सोमवार आला की गोळा होताच.

मग एका भेटीत ते सहज बोलून गेले, "आमच्या विभागानं गोदावरीवर ऑनलाइन क्विझ केली. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं."

"तुम्ही बनवलीत?"

"विभागानं बनवली."

"विभागात कुणी?"

"आहे एक मुलगा. सीएचबीवर."

सीएचबी म्हणजे तासिका तत्त्वावरचा शिक्षक, हे महाराष्ट्रातल्या कॉलेजवाल्यांना सांगायला नको. जितके तास घेतले तितकं मानधन, उन्हाळी सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षीची खात्री नाही. हा मुलगा नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झालेला, पीएचडी चालू असलेला. सरांची क्विझ तोच करायचा, गुगल फॉर्म तोच, स्लाइड्स तोच, कॅसच्या फाइलीचं स्कॅनिंगही तोच. विभागातल्या बाकीच्या सीनिअर मंडळींचंही.

मी विचारलं, "सर, काम चालू असताना माउस कुणाच्या हातात असतो?"

"त्याच्या."

"आणि तुम्ही?"

"मी मागे उभा असतो."

"मागे उभं राहून काय करता?"

"फॉन्ट मोठा कर म्हणतो."

दोघंही हसलो. सर अचानक हसायचे थांबले. चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडलं की हातातोंडाशी आलेलं निसटतं, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलं आहे.

"मी त्याला कधी सर म्हटलं नाही, मॅडम. 'अरे, जरा ये' म्हणतो. मुलांसमोरसुद्धा."

"तो तुम्हाला शिकवायला तयार आहे?"

"केव्हाचा. म्हणतो, सर, तुम्ही खुर्चीत बसा, मी शेजारी बसतो. मीच म्हणतो, तू करून टाक, मला वेळ नाही."

सगळं कोडं इथे उलगडलं. सरांना भीती एआयची नव्हती. ज्याला आपण पदानं खालचा धरलं, त्याच्याशेजारी बसून आपल्याला येत नाही हे दाखवण्याची होती. आणि या भीतीच्या बुडाशी थोडी अपराधाची बोच होती, की ज्याला सुट्टीत पगार नाही त्याच्याकडून आपण फुकट काम करून घेतो आहोत. बंद कॅमेऱ्याच्या एफडीपीत यातलं काहीच समोर येत नाही. तिथे कुणी बघत नाही, कुणाला विचारावं लागत नाही, चुकावं लागत नाही. म्हणून ती इतकी सोयीची, आणि म्हणूनच तीस करूनही धीर येत नाही. त्यानंतर माझ्याकडे आलेल्या किती तरी प्राध्यापकांना मी हा माउसचा प्रश्न विचारला आहे. तो फारसा वाया गेलेला नाही. कुणाच्या घरी माउस मुलीच्या हातात असतो, कुणाच्या ऑफिसात क्लार्कच्या.

पुढचं पाऊल साधं होतं आणि सरांना ते मुळीच आवडलं नाही. आठवड्यातून एक तास, खुर्चीत सर, माउस सरांच्या हातात, तो मुलगा शेजारी. त्याच्यासमोर मुद्दाम चुकायचं.

"उद्या त्यानं स्टाफरूममध्ये सांगितलं तर?"

"काय सांगेल?"

"की सरांना एआयला विचारायचा प्रॉम्प्टसुद्धा लिहिता येत नाही."

"खरं आहे का ते?"

"आहे."

"मग?"

सर थोडा वेळ थांबले. "मग काही नाही."

बदल्यात त्यांनी त्या मुलाच्या प्रबंधाचं एक प्रकरण वाचून द्यायचं ठरलं. ही अट सरांनीच घातली. मला ती माझ्या सल्ल्याहून चांगली वाटली, कारण एका बाजूनंच घेत राहिलं तर ती बोच कुठे जाणार होती?

पहिल्या तासाला सरांनी मराठीत टाइप केलं, गोदावरीच्या पुराची कारणं सांग. दोन बोटांनी टाइप केलं, त्यात वेळ गेला तो गेला. उत्तर झटक्यात आलं, मुद्देसूद, शुद्ध. अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणं, धरणातला विसर्ग. मुलगा म्हणाला, छान आलंय. सर म्हणाले, "यात दुतोंड्या मारुती कुठाय?"

नाशिककर पूर मोजतो तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. ते उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही नदीला चिकटवता आलं असतं. मग दोघांनी बसून एक असाइनमेंट रचली. विद्यार्थ्यानं एआयला विचारावं, उत्तर जसंच्या तसं चिकटवावं. चोरीचा प्रश्नच संपला. मग घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना १९६९, २००८, २०१९ चे पूर विचारावेत, पाणी कुठवर आलं होतं ते नकाशावर दाखवावं. गुण मिळणार ते दोन्हींत जो फरक सापडेल त्याला. पंचवटीतल्या एका मुलीनं आजीला घाटावर नेऊन खुणा करून घेतल्या, असं सर सांगत होते. त्या दिवशी ते पूर्ण वेळ माझ्याशी भूगोलच बोलले. झोपेचा विषय निघाला नाही.

आता जे मला सगळ्यांनाच सांगायचंय ते सांगते. शिकण्याच्या सोयी कमी आहेत असं कुणी म्हणू नये. १९८६ च्या धोरणानंतर अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, पुढे त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली, आणि २०२३ मध्ये तीच मालवीय मिशनची प्रशिक्षण केंद्रं झाली. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, अटल अकॅडमीचे एफडीपी आहेत. २०१७ पासून स्वयम हे सरकारी ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमाचे, आयआयटीच्या प्राध्यापकांनी शिकवलेले आठ-बारा आठवड्यांचे कोर्स फुकट ऐकता येतात, फी लागते ती फक्त परीक्षेला. कॉम्प्युटरची पायाभूत भीती असेल त्यांनी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघावेत, त्यातले बरेच मराठीत आहेत. आणि मुक्त विद्यापीठ ज्या शहरात १९८९ पासून आहे, त्या शहरातल्या माणसांनी घरबसल्या शिकण्याला बिचकावं, हे मला जरा नवलाचंच वाटतं.

यातला कुठलाही कोर्स घ्या, पण भरण्याआधी एका कागदावर लिहा की पुढच्या महिन्यात मी शिकवणार असलेला कुठला धडा यानं बदलणार आहे. धड्याचं नाव सुचत नसेल तर तो कोर्स सोडून द्या. कॅमेरा चालू ठेवा. निदान एक प्रश्न विचारा, येत नसलेलाच विचारा. आणि कोर्स एकट्यानं करू नका, स्टाफरूममधला एक जोडीदार धरा, शक्यतो वयानं लहान.

बायकांना मात्र मी वेगळं सांगते. संध्याकाळी सातचं सत्र, कानात इअरफोन आणि तव्यावर भाकरी, असे एफडीपी मी फार ऐकलेत. त्यांनी सुट्टीतला, प्रत्यक्ष जाऊन करायचा, शक्यतो बाहेरगावचा कोर्स निवडावा. घर आठ-दहा दिवस चालतं. चालत नसेल तर तो निराळा विषय आहे आणि त्यासाठीही माझ्याकडे या.

मुलांनी एआयकडून लिहून आणलं हे पकडायचं कसं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नका. चॅटजीपीटी ज्यांनी काढलं त्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. खरं लिहिणाऱ्या मुलावर आळ येतो तो त्याच्या मनातून जात नाही, अशी मुलंही माझ्यासमोर बसून रडली आहेत. त्यापेक्षा पाच मिनिटं समोर बसवून तोंडी विचारा. विद्यार्थ्यांची नावं, गुण, अडचणी एआयला देऊ नका. त्यानं सांगितलेली संदर्भपुस्तकं लायब्ररीत जाऊन बघा, कधी कधी अस्तित्वातच नसलेली पुस्तकं तो ठामपणे सांगतो. युनेस्कोनं २०२४ मध्ये शिक्षकांसाठी एआयच्या क्षमतांचा जो आराखडा काढला, त्यात पहिलं स्थान माणूस केंद्रस्थानी ठेवण्याच्या वृत्तीला दिलं आहे, साधनं त्यानंतर. मला त्यात नवीन काही वाटलं नाही, पण छापलेलं बघून बरं वाटलं.

सरांकडे परत येते. ते अजूनही दोन बोटांनीच टाइप करतात. आमच्या भेटी आता दोन-तीन महिन्यांतून एकदा होतात. त्यांनी आणि त्या मुलानं एनपीटीईएलचा आठ आठवड्यांचा एकच कोर्स बरोबर केला, परीक्षेत मुलाला जास्त गुण मिळाले, आणि ते त्यांनी मला आपणहून सांगितलं. सध्या त्यांचं भांडण वेगळंच चालू आहे. कॉलेजमधल्या सगळ्या विभागांसाठी एआयची दोन दिवसांची कार्यशाळा ठरली. मुख्य मार्गदर्शक म्हणून सरांनी त्या मुलाचं नाव सुचवलं. प्राचार्य हो म्हणाले, पत्रिका छापून आली, त्यावर त्याच्या नावामागे 'प्रा.' आहे. अडलंय ते मानधनापाशी. ऑफिस म्हणतं, बाहेरच्या पाहुण्याला देता येतं, आपल्याच सीएचबीच्या शिक्षकाला कुठल्या हेडखाली द्यायचं? सरांनी तिसरा अर्ज दिलाय. स्वतः टाइप करून.